भावनिक बुद्धिमत्ता कशी ओळखतात? चाचण्या, खुणा आणि ‘अलिबागसे आया है क्या?’

‘अलिबागसे आया है क्या?’ मुंबईत राहून हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस विरळाच. समोरच्याला काही कळत नाही, तो भोळसट आहे, असं सुचवायला ते वापरतात.

अलिबाग तालुक्यातल्या एका रहिवाशाला हे वाक्य इतकं लागलं की, तो थेट मुंबई उच्च न्यायालयात गेला. या वाक्याच्या वापरावर बंदी घालावी, अशी त्याची मागणी होती. जुलै २०१९मध्ये न्यायालयाने ती याचिका फेटाळली. विनोद जवळपास प्रत्येक समाजावर होतात, तो अपमान समजून मनाला लावून घेऊ नये, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

ही बातमी वाचून तुमच्या मनात पहिल्यांदा काय आलं? ‘एवढं काय मनावर घ्यायचं?’ की ‘बरं केलं, कुणीतरी बोललं’?

दोन्ही वेळा आपण नकळत एक माप काढलेलं असतं. हा माणूस भावनांच्या बाबतीत शहाणा आहे की नाही, हे आपण एका बातमीवरून ठरवून मोकळे होतो. पण यात शहाणा कोण? चेष्टा करणारा, दुखावला जाणारा, की भांडत न बसता कायद्याची वाट धरणारा? एका प्रसंगावरून हे सांगता येत नाही.

मग ते कशावरून सांगता येतं? भावनिक बुद्धिमत्ता मोजता येते का, आणि येत असेल तर त्या मोजमापावर किती भरवसा ठेवायचा?

थोडक्यात सांगायचं तर

• भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखणं, त्यांचा अर्थ लावणं आणि त्या हाताळणं.
• ती मोजण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, त्यामुळे एकाच माणसाचे निकाल वेगवेगळे येऊ शकतात.
• शांत स्वभाव, गोड बोलणं किंवा चांगुलपणा म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नव्हे.
• पाच मिनिटांच्या ऑनलाइन क्विझवरून कुणावर शिक्का मारणं चूक आहे. वेगवेगळ्या प्रसंगांत, बराच काळ दिसलेलं वागणं जास्त खरं बोलतं.

ही कल्पना आली कुठून?

माणसं ओळखण्याची अक्कल आणि पुस्तकी अक्कल वेगळी, हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होतं. मानसशास्त्रात हा विचार १९२०मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी ‘सामाजिक बुद्धिमत्ता’ या नावाने मांडला. १९८३मध्ये हॉवर्ड गार्डनर यांनी बुद्धिमत्तेचे अनेक प्रकार सांगितले. त्यात स्वतःला समजून घेण्याची आणि दुसऱ्याला समजून घेण्याची, अशा दोन बुद्धिमत्ता होत्या.

‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना शास्त्रीय चर्चेत रुजली ती पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १९९०मधल्या लेखामुळे. घरोघरी पोहोचवली मात्र डॅनियल गोलमन यांनी, १९९५मधल्या त्यांच्या पुस्तकातून.

याच पुस्तकामुळे एक गैरसमजही पसरला. ‘यशात ८० टक्के वाटा ईक्यूचा आणि २० टक्के आयक्यूचा’ हे वाक्य तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की ऐकलं असेल. गोलमन यांनी लिहिलं होतं ते असं: आयुष्यातल्या यशात आयक्यूचा वाटा फार तर २० टक्के असतो, उरलेलं इतर गोष्टींवर अवलंबून असतं. या ‘इतर गोष्टीं’त घरची परिस्थिती, नशीब असं सगळंच आलं. ते ८० टक्के एकट्या ईक्यूच्या खात्यावर नंतर लोकांनी टाकले.

चार क्षमता, एक उदाहरण

मेयर आणि सॅलोवे यांनी १९९७मध्ये भावनिक बुद्धिमत्तेच्या चार क्षमता सांगितल्या. मासेमारीच्या बोटीवरचं एक काल्पनिक उदाहरण घेऊन त्या पाहू. बोट चालवणारा तांडेल आहे, सोबत चार-पाच खलाशी आहेत आणि दोन दिवस जाळ्यात काही लागलेलं नाही.

१. भावना ओळखणं. एक खलाशी नेहमी बडबडा असतो, आज गप्प आहे. तांडेलाच्या हे लक्षात येतं का?

२. भावनेचा विचारासाठी वापर करणं. तांडेलाला स्वतःला धाकधूक वाटतेय. ती धाकधूक त्याला डिझेल आणि हवामान पुन्हा एकदा तपासायला लावते की नुसतीच चिडचिड वाढवते?

३. भावना समजून घेणं. खलाशाच्या गप्प राहण्यामागे राग आहे, घरची काळजी आहे की नुसता थकवा? आणि आज त्याला सगळ्यांसमोर झापलं तर उद्या काय होईल?

४. भावना हाताळणं. स्वतःचा संताप आवरून, खलाशाला बाजूला घेऊन दोन शब्द बोलणं, आणि तेही योग्य वेळी.

या चार क्षमता एकाच माणसात सारख्या नसतात. समोरच्याचा चेहरा पटकन वाचणारा माणूस स्वतःच्या रागापुढे हतबल असू शकतो. म्हणून ‘ईक्यू हाय’ किंवा ‘ईक्यू लो’ हा एकच आकडा फार थोडं सांगतो.

मोजतात कसं? तीन पद्धती

पहिली: स्वतःच स्वतःला गुण देणं

‘माझ्या मनात काय चाललंय हे मला लगेच कळतं’ अशा विधानांसमोर ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत एक पर्याय निवडायचा. रूवेन बार-ऑन यांची १९९७ची प्रसिद्ध चाचणी याच प्रकारची. भारतात हाइड, पेठे आणि धर यांनी २००१मध्ये तयार केलेली ३४ विधानांची मापनपट्टी बऱ्याच संशोधनांत वापरली जाते, तीही अशीच.

ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे. पण ती सांगते ते इतकंच, की हा माणूस स्वतःला काय समजतो. नोकरीसाठी भरायला दिली तर कोणतं उत्तर ‘चांगलं’ आहे हे कुणालाही कळतं.

दुसरी: क्षमता चाचणी

इथे प्रश्न सोडवायचे असतात. या चेहऱ्यावर कोणती भावना आहे? या प्रसंगानंतर त्या माणसाला काय वाटेल? काय केल्याने त्याचं मन हलकं होईल? मेयर, सॅलोवे आणि डेव्हिड करूसो यांची २००२ची ‘एमएससीईआयटी’ ही यातली सर्वांत परिचित चाचणी. तिच्यात १४१ प्रश्न होते आणि चारही क्षमतांसाठी प्रत्येकी दोन प्रकारची कामं होती.

या चाचणीत खोटं बोलून गुण मिळवणं जास्त अवघड असतं. पण गणितात दोन अधिक दोन चारच होतात, भावनेच्या प्रश्नाचं ‘बरोबर’ उत्तर कोण ठरवणार? या चाचणीत ते दोन प्रकारे ठरवलं गेलं: हजारो लोकांनी जे उत्तर दिलं ते, किंवा भावनांवर संशोधन करणाऱ्या २१ तज्ज्ञांनी निवडलं ते. टीकाकारांचा आक्षेप इथेच आहे. बहुसंख्यांना जे दिसत नाही ते ज्याला दिसतं, त्याचे गुण अशा चाचणीत कमी होऊ शकतात.

तिसरी: आजूबाजूच्यांना विचारणं

सहकारी, वरिष्ठ, हाताखालची माणसं, घरचे लोक यांच्याकडून मत घ्यायचं. कंपन्यांमध्ये याला ‘३६० अंश फीडबॅक’ म्हणतात. इथे प्रत्यक्ष वागणं दिसतं, हा मोठा फायदा. तोटा असा, की कुणाला विचारलं यावर उत्तर ठरतं. साहेबांशी गोड आणि शिपायाशी तुसडा असलेला माणूस साहेबांच्या फॉर्ममध्ये पहिला येईल.

एक नमुना प्रश्न तुमच्यासाठी

आम्ही तयार केलेला हा प्रश्न सोडवून पाहा.

नागावच्या एका घरगुती होमस्टेमध्ये शनिवारी रात्री मुंबईहून कुटुंब येतं. फोटोत दाखवलेली समुद्राकडची खोली आधीच दुसऱ्यांना दिली गेली आहे. मालकीणबाई मागची खोली दाखवतात. पाहुण्यांतली बाई हळूच म्हणते, ‘ठीक आहे, चालेल.’ आणि जेवायला न येता खोलीत निघून जाते. तिला काय वाटत असेल?

अ) ती समाधानी आहे
ब) ती नाराज आहे, पण बोलून दाखवत नाही
क) तिला भीती वाटतेय
ड) तिला काहीच फरक पडलेला नाही

बहुतेक जण ‘ब’ म्हणतील, आणि अशा चाचणीत ‘ब’लाच गुण मिळतील.

पण तिचा शनिवारचा उपास असेल तर? किंवा प्रवासात डोकं दुखायला लागलं असेल तर?

कागदावर हुशार माणूस ‘ब’वर खूण करतो आणि थांबतो. प्रत्यक्षात शहाण्या मालकीणबाई दारावर टकटक करून विचारतील, ‘ताई, जेवण खोलीत आणून देऊ का? आणि खोलीचं चुकलंच आमचं.’ अंदाज बांधणं ही अर्धी बुद्धिमत्ता झाली. तो अंदाज विचारून पडताळणं ही उरलेली अर्धी, आणि ती चार पर्यायांच्या प्रश्नात पकडणं अवघड जातं.

मोजमाप कुठे चुकतं?

अलिबागला एक जुनी चुंबकीय वेधशाळा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला होत असत. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरल्यावर, त्या विजेमुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन ताडून पाहिल्या, आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं.

अचूक उपकरणालाही आजूबाजूचा गोंधळ चालत नाही, आणि एका ठिकाणच्या नोंदीवर विसंबून चालत नाही. माणसाच्या बाबतीत तर हा गोंधळ कितीतरी जास्त. त्यातले चार प्रकार महत्त्वाचे आहेत.

स्वतःबद्दलचा भ्रम. स्वतःला दिलेले गुण आणि क्षमता चाचणीतले गुण यांचा मेळ फारसा बसत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. शेल्डन, डनिंग आणि एम्स यांच्या २०१४च्या संशोधनात, सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्यांनीच स्वतःला सर्वांत जास्त फुगवून मोजलं होतं. त्यांना निकाल दाखवल्यावर त्यांनी चाचणीलाच नावं ठेवली, आणि सुधारणेसाठी काही वाचण्या-शिकण्यातही त्यांना फार रस नव्हता.

चेहऱ्यावरचा अतिविश्वास. कपाळाला आठी म्हणजे राग, असं आपण धरून चालतो. २०१९मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. नुसत्या चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना खात्रीने ओळखता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आठी विचारात पडल्यावर येते, आणि रेवदंड्याच्या किनाऱ्यावर भर दुपारी उन्हामुळेही येते.

आपली माणसं, परकी माणसं. एल्फेनबाइन आणि अंबाडी यांनी २००२मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र विचार केला. आपल्याच समाजातल्या, आपल्याच देशातल्या माणसांच्या भावना लोकांना जास्त अचूक ओळखता येतात, असं त्यातून पुढे आलं. आपल्याकडेही हे दिसतं. इंजिनाच्या आवाजावर आणि वाऱ्यावर मात करत बोलायची सवय असलेला माणूस घरातही मोठ्याने बोलतो. शहरातल्या पाहुण्याला तो भांडतोय असं वाटतं, तो बिचारा जेवायचा आग्रह करत असतो.

भाषेची अडचण. परदेशी चाचणी भाषांतर करून वापरली की, शब्द येतात पण माप येत नाही. साध्या बुद्धिमापनातही हे मान्य झालेलं आहे. १९३०च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी घेतली, तेव्हा प्रश्न तसेच न उचलता इथल्या मुलांवर वापरून नव्याने बसवावे लागले. भावनांच्या चाचणीत तर ही गरज आणखी मोठी. ‘रुसणं’ घ्या. तो राग आहेच, पण कुणीतरी समजूत काढेल या भरवशावर केलेला. परक्या माणसावर आपण रागावतो, रुसत नाही. हा फरक दुसऱ्या भाषेतून आणलेल्या प्रश्नावलीत कुठे बसवणार?

कामावर याचा उपयोग होतो का?

जोसेफ आणि न्यूमन यांनी २०१०मध्ये अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले. ज्या कामात लोकांशी सतत संबंध येतो आणि मनात काहीही असलं तरी चेहरा नीट ठेवावा लागतो, तिथे भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीशी संबंध दिसला. ज्या कामात हे लागत नाही, तिथे तो संबंध नगण्य किंवा उलटाही निघाला.

चेहरा नीट ठेवण्याच्या या कष्टाला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३मध्ये ‘भावनिक श्रम’ असं नाव दिलं. काशीद, नागाव, दिवेआगरच्या होमस्टेमध्ये सुट्टीच्या दिवशी राबणाऱ्या घरांना हे श्रम चांगले माहीत आहेत. पाहुण्याचं हसून स्वागत हा तिथे कामाचाच भाग असतो. म्हणून एखादी ताई दिवसभर हसतमुख होती आणि रात्री घरच्यांवर चिडली, तर तिचा ‘ईक्यू’ कमी असं म्हणण्याआधी ती आज किती तास हसत होती हेही विचारावं.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हा विषय आधीच माहीत असेल. २०१३पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे आणि त्याच्या अभ्यासक्रमात भावनिक बुद्धिमत्ता आहे. पण लेखी पेपर तपासतो ते विषयाचं ज्ञान आणि प्रसंगावर केलेला विचार. तहसील कार्यालयात समोर रडत उभ्या असलेल्या माणसाशी उमेदवार कसा वागेल, हे उत्तरपत्रिकेत दिसत नाही.

कशावरून ओळखू नये?

शांत दिसण्यावरून. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूड भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या. समजा, अशा दोन वाड्यांचे मालक तुम्हाला भेटले. एक जण पडलेल्या झाडाला हात लावून हमसून रडतोय. दुसरा शांतपणे पडलेली झाडं मोजून वहीत लिहितोय. यातला भावनिकदृष्ट्या समर्थ कोण?

सांगता येत नाही. दुसऱ्याने परिस्थिती स्वीकारून पुढचा विचार सुरू केला असेल, किंवा त्याला इतका धक्का बसला असेल की काही जाणवतच नसेल. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी भावना दाबणं आणि प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहणं यांतला फरक दाखवला आहे. दाबणाऱ्याचा चेहरा शांत असतो, पण शरीरावरचा ताण कमी होत नाही. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात.

गोड बोलण्यावरून. भावना ओळखण्याचं कौशल्य चांगल्या कामाला लागेल असं काही नाही. ‘डिजिटल अरेस्ट’चा फोन करणाऱ्या भामट्याला तुमची भीती नेमकी कळते, ती कधी वाढवायची आणि कधी दिलासा द्यायचा हेही कळतं. २०११मधल्या एका संशोधनात, स्वार्थासाठी इतरांना वापरण्याची वृत्ती असलेल्यांमध्ये भावना हाताळण्याचं ज्ञान जितकं जास्त, तितकं इतरांना त्रास देणारं वागणंही जास्त आढळलं. म्हणून चांगुलपणा वेगळा तपासावा लागतो.

चॅटवरून. ‘हम्म’, ‘ओके.’ किंवा नुसता अंगठा यावरून कुणाची मनःस्थिती ठरवू नका. आवाज, चेहरा आणि प्रसंग, तिन्ही गळून गेलेले असतात.

एका भेटीवरून. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात किंवा नोकरीच्या मुलाखतीत माणूस अर्ध्या तासासाठी आपलं सर्वांत बरं रूप घेऊन बसलेला असतो. तिथे दिसते ती तयारी.

मग कशावरून ओळखावं?

विनोबा भावे यांचा जन्म रायगडमधल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर त्यांनी स्वतंत्र व्याख्यानं दिली होती. त्या प्रकरणाची सुरुवात अर्जुनाच्या प्रश्नाने होते. स्थितप्रज्ञ माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, असं तो विचारतो. स्थितप्रज्ञता आणि भावनिक बुद्धिमत्ता एक नव्हेत. पण अर्जुनाची पद्धत आपल्याला उपयोगी आहे: माणूस स्वतःबद्दल काय सांगतो यापेक्षा तो वागतो कसा, ते बघा.

पुढच्या सहा खुणा रोजच्या वागण्यातल्या आहेत. एकेका खुणेवरून निष्कर्ष काढू नका. काही महिने, वेगवेगळ्या प्रसंगांत काय दिसतं ते पाहा.

१. भावनेला नेमकं नाव. सगळ्यालाच ‘टेन्शन आलंय’ म्हणणारा आणि ‘मला धास्ती नाही, वैताग आलाय’ असं सांगू शकणारा, यांत फरक आहे. मराठीत चुटपुट, खंत, हुरहूर, ओशाळणं, कासावीस होणं असे बारीक छटांचे शब्द आहेत. नाव नेमकं असेल तर उपायही नेमका सापडतो.

२. राग कुठे उतरतो. जाळ्यात काही लागलं नाही म्हणून घरी मुलावर हात उगारला जातो का? चुकून उतरलाच, तर ते नंतर त्याच्या लक्षात येतं का?

३. विचारण्याची सवय. ‘तू चिडलीसच आहेस’ असं ठरवून टाकणारा की ‘तू चिडलीस का? मला तसं वाटलं’ असं विचारणारा?

४. माफी मागण्याची पद्धत. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात चूक समोरच्याच्या वाटण्याची ठरते. ‘मी सगळ्यांसमोर तुझी चेष्टा केली, ते चुकलं’ यात माणूस स्वतःचं कृत्य कबूल करतो.

५. ‘नाही’ ऐकल्यावरचं वागणं. उसने पैसे मिळाले नाहीत, मुलीने नकार दिला, वर्गणी कमी आली. मनासारखं झालं नाही की माणसाचा खरा हात दिसतो.

६. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही त्याच्याशी वागणं. मांडव्याच्या जेट्टीवर बोट उशिरा आली तर तिकीट खिडकीतल्या पोराशी तो कसा बोलतो? तिथे दिखाव्याचं काही कारण नसतं.

स्वतःचं मोजमाप कसं घ्याल?

दुसऱ्याला मोजण्याआधी हा सोपा प्रयोग सात दिवस करा. वही पुरेशी आहे.

रोज रात्री दिवसातला एक प्रसंग लिहा, ज्यात मन हललं. चार ओळी पुरेत: काय घडलं, मला काय वाटलं (एक नेमका शब्द), समोरच्याला काय वाटलं असेल असा माझा अंदाज, आणि मी काय केलं.

आठवड्यात निदान दोनदा तो अंदाज त्या माणसाला विचारून पडताळा. ‘काल तू गप्प होतीस, मला वाटलं माझ्यावर रागावलीस. तसं होतं का?’ किती वेळा तुमचा अंदाज चुकला, हा तुमचा खरा गुण.

शेवटी तीन माणसांना एकच प्रश्न विचारा: ‘मी चिडलोय हे तुला माझ्या आधी कळतं का?’ एक घरातलं, एक कामावरचं आणि एक तुमच्यापेक्षा वयाने किंवा पदाने लहान असलेलं माणूस निवडा. लहान माणसाचं उत्तर नीट ऐका.

ऑनलाइन क्विझ समोर आली तर?

भरायला हरकत नाही, मजा म्हणून. पण निकाल शेअर करण्याआधी चार गोष्टी बघा. चाचणी कोणी आणि कशासाठी तयार केली? ती तुमच्या भाषेतल्या लोकांवर वापरून पाहिली आहे का? ती क्षमता तपासते की तुमचंच मत तुम्हाला परत देते? आणि निकालानंतर लगेच एखादा कोर्स विकायला येतो का?

उदाहरणार्थ, डोळ्यांचे ३६ फोटो दाखवून भावना ओळखायला लावणारी चाचणी नेटवर खूप फिरते. सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाची ही २००१मधली सुधारित चाचणी स्वमग्नतेशी संबंधित संशोधनासाठी तयार झाली. ती एकच छोटं कौशल्य तपासते, आणि इंग्रजी शब्दसंग्रह कमी असेल तर गुणही कमी येऊ शकतात. त्यावरून ‘मला माणसं कळत नाहीत’ असं ठरवायचं कारण नाही.

अशी कोणतीही चाचणी आजाराचं निदान करत नाही. कुणाचं वागणं अचानक बदललं, झोप-जेवण सुटलं, माणसं टाळणं सुरू झालं, तर त्याचा ईक्यू मोजत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या ‘टेलिमानस’ या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा.

ती वाढवता येते का?

काही प्रमाणात, हो. २०१८ आणि २०१९मध्ये प्रशिक्षणावरच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित आढावे प्रसिद्ध झाले. प्रशिक्षणाने मध्यम स्वरूपाची सुधारणा होते, असं त्यांत आढळलं. म्हणजे आज मिळालेला आकडा कपाळावर गोंदलेला नसतो. जो बदलू शकतो त्याच्यावर कायमचं लेबल लावणं, हाही चुकीचा हिशोब आहे.

आता पुन्हा त्या वाक्याकडे. ‘अलिबागसे आया है क्या?’ हेही एक मूल्यमापनच आहे. एका सेकंदात, गावाच्या नावावरून, समोरच्याचं काहीही न ऐकता केलेलं. ‘याचा ईक्यूच लो आहे’ हे आजचं वाक्य ऐकायला सुशिक्षित वाटतं, पण एका चॅटवरून किंवा एका भांडणावरून म्हटलं, तर दोघांत फारसा फरक उरत नाही.

पुढच्या वेळी कुणाबद्दल हे वाक्य टाइप कराल, तेव्हा सेंड करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: मी या माणसाला किती प्रसंगांत पाहिलंय, आणि त्याला काय वाटलं हे एकदा तरी विचारलंय का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते मोजमाप अजून सुरूच झालेलं नाही.